सही करण्याआधी: हातकाम शिकवणाऱ्या नव्या सहकाऱ्यांसाठी

प्रशिक्षणार्थ्याच्या नोंदवहीत एक रकाना असतो: ‘काम स्वतंत्रपणे करू शकतो / शकते’. पुढे तारीख आणि शिकवणाऱ्याची सही. शिकवायला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी त्या रकान्यात केलेली एक सही मला आजही टोचते.

मुलगा हुशार होता, हाताने चपळ. लेथवर (सळई फिरवून कापणाऱ्या मशीनवर) एम २० चे, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचे आटे पाडायचे होते. त्याने पाडलेले आटे इतके स्वच्छ होते की नट बोटाने फिरवला तरी शेवटपर्यंत गेला. मी खूश होऊन सही केली. चारेक महिन्यांनी, नोकरीला लागल्यावर, तो भेटायला आला, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, “मॅडम, तिथलं मशीन वेगळं आहे. पिचचे लिव्हर कसे लावायचे तेच मला कळेना. सगळे बघत होते.”

मला लगेच उलगडा झाला. वर्कशॉपमध्ये वेळ वाचावा म्हणून रोज सकाळी मीच सगळ्या लेथचे लिव्हर २.५ मिलिमीटरच्या पिचवर (पिच म्हणजे दोन लगतच्या आट्यांमधलं अंतर) लावून ठेवत होते. मशीनवरचा तक्ता वाचायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. शिवाय तो आटे पाडत असताना मी शेजारी उभी राहून “आता लिव्हर सोड”, “आता टूल मागे घे” असं सांगत होते. काम आम्ही दोघांनी मिळून केलं होतं आणि सही मात्र त्याच्या एकट्याच्या नावापुढे पडली होती.

मी अकरा वर्षं टूलरूममध्ये लेथ आणि मिलिंगवर काम केलं, आणि गेली चौदा वर्षं शिकवते आहे. आता नवीन सहकारी आले की ‘प्रोफेशनल कसं व्हायचं’ हे समजावून सांगायचं काम माझ्याकडे येतं. वेळेवर येणं, नीट कपडे, नीट बोलणं हे सगळं लागतंच, त्यावर मी फार वेळ घालवत नाही. माझ्या लेखी हा सगळा विषय त्या रकान्यापासून सुरू होतो. आपण सही केली की तो माणूस आपल्याशिवाय कामाला उभा राहणार आहे. मशीनपुढे, विजेच्या पॅनलपुढे, नाहीतर अंथरुणाला खिळलेल्या रुग्णापुढे. तेव्हा त्याच्या हातून काय होईल याची जबाबदारी आपण थोडीशी का होईना, अंगावर घेतलेली असते. पाट्या टाकायला इतर कामांत एक वेळ जागा असेल, इथे नाही.

सही कधी करायची

आटे पाडण्याच्या त्या प्रसंगानंतर मी स्वतःला काही नियम घालून घेतले. ते कुठल्या पुस्तकातले नाहीत, पण चालतात.

पहिलं म्हणजे एकदा जमलेलं काम मी धरत नाही. दोन वेगळ्या दिवशी करून घेते आणि दुसऱ्या दिवशी ड्रॉइंगमध्ये काहीतरी बदल करते. पिच बदलते, लांबी बदलते किंवा दुसरं मशीन देते. ज्याला काम समजलंय तो थोडा थांबतो, तक्ता बघतो आणि करतो. ज्याने फक्त माझ्या हालचाली पाठ केल्या आहेत तो तिथेच अडकतो. अडकला तर त्यात त्याची चूक नसते, त्याचं शिकणं अजून व्हायचं असतं एवढंच.

दुसरं, मूल्यमापनाच्या वेळी मी दूर बसते. अगदी ठरवून हात मागे बांधते. हे वाटतं तितकं सोपं नाही. समोर कोणी चुकीच्या बाजूने फीड द्यायला, म्हणजे टूल पुढे सरकवायला निघाला की तोंडातून शब्द बाहेर पडायला धडपडतात. धोका असेल तर अर्थातच थांबवायचं, आणि थांबवलं तर त्या दिवशीचं मूल्यमापन संपलं असं धरायचं. धोका नसेल तर गप्प राहायचं. जॉब, म्हणजे हातातला नग, बाद झाला तर होऊ दे.

तिसरं, नोंदवहीत बरोबरच्या खुणा करू नका, आकडे लिहा. ‘मापात आहे’ यापेक्षा ‘१९.९९, २०.००, २०.०१’ असं लिहिलेलं केव्हाही बरं. सहा महिन्यांनी कुणी विचारलं तर तुम्हाला आठवणीवर विसंबावं लागत नाही, आणि त्या मुलालाही आपण कुठे होतो ते दिसतं. ज्या कामात आकडे नसतात तिथे काय पाहिलं ते एका ओळीत लिहा. रुग्णाला पलंगावरून खुर्चीत बसवण्याचं काम असेल तर ‘खुर्चीची चाकं लॉक केली, काय करणार ते रुग्णाला आधी सांगितलं, रुग्णाच्या गतीने उठवलं’ असं. वायरिंग असेल तर ‘लाइन बंद केल्यावर टेस्टर आधी चालू लाइनवर तपासला, मग बंद केलेल्या, मग पुन्हा चालू’ असं. असं लिहायची सवय लागली की एक फायदा होतो: आपण काय बघितलंच नाही तेही लिहिताना लक्षात येतं.

आणि दडपण येतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे आल्यावर गोंधळणार नाही. निकालाच्या टक्केवारीवर संस्थेची पत ठरते, काही ठिकाणी पैसेही ठरतात. इंग्लंडमध्ये २०१७ नंतरच्या अप्रेंटिसशिपच्या नियमांत मंजूर रकमेतला २० टक्के भाग प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत राखून ठेवला जाई. अशा व्यवस्थेत ‘एवढा एक पास करून टाका’ असं सांगणारा माणूस वाईटच असतो असं नाही, त्याच्याही डोक्यावर कुणीतरी असतं. अशा वेळी मी एकच उत्तर देते: “मला आणखी तीन सत्रं द्या, मी त्याला तयार करते. आज सही करता येणार नाही.” नकाराबरोबर वाट दाखवली की समोरच्याला हो म्हणणं सोपं जातं. सत्रं मिळाली नाहीत तरी सही करत नाही. एकदा अशी सही केली की पुढच्या वेळी नाही म्हणायला तोंड राहत नाही.

दोन पेशे, आणि दोन्ही जागते ठेवायचे

हातकाम आणि व्यवसाय शिकवण्याच्या या क्षेत्राला इंग्लंडमध्ये ‘फर्दर एज्युकेशन अँड स्किल्स’ म्हणतात. तिथे शिक्षकाबद्दल एक कल्पना बरीच रुजली आहे: हा माणूस दुहेरी व्यावसायिक असतो. तो आधी फिटर, सुतार, नर्स किंवा हिशेबनीस असतो आणि त्यावर शिक्षक असतो. २०१४ साली तिथे शिक्षक-प्रशिक्षकांसाठी जी व्यावसायिक मानकं ठरली ती २० होती आणि तीन गटांत मांडलेली होती: मूल्यं, ज्ञान आणि कौशल्यं. मूल्यं पहिल्या गटात होती. २०२२ मध्ये ती सुधारली गेली. मला ही मांडणी आवडते, कारण आपल्याकडे कौशल्य आहे म्हणूनच आपल्याला शिकवायला बोलावतात, आणि बाकीच्या दोन गोष्टी आपोआप येतील असं सगळेच धरून चालतात.

त्या आपोआप येत नाहीत. आणि अधिक दुःखाची गोष्ट म्हणजे कौशल्यही टिकत नाही.

शिकवायला लागून सहा वर्षं झाली तेव्हा सुट्टीत मी दोन आठवडे एका छोट्या वर्कशॉपमध्ये जाऊन काम केलं, पगार न घेता. पहिल्याच दिवशी सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) जॉबचा शून्य बिंदू, म्हणजे जिथून मापं धरायची ती जागा, घ्यायची वेळ आली. मी सवयीने कागदाचा कपटा शोधायला लागले: टूल आणि जॉबच्या मध्ये कागद धरायचा, तो अडकेपर्यंत टूल हळूहळू खाली आणायचं आणि कागदाची जाडी हिशेबात घ्यायची. तिथल्या विशीतल्या ऑपरेटर मुलीने माझ्याकडे बघितलं, मशीनच्या स्पिंडलमध्ये प्रोब (स्पर्शाने जागा मोजणारं उपकरण) लावला, दोन बटणं दाबली, झालं. ती काहीच लागट बोलली नाही. उलट म्हणाली, “कागदाची पद्धत मलाही दाखवा ना, प्रोब बिघडला तर उपयोगी पडेल.” त्या रात्री मी शिकवण्याच्या वहीत तीन पानं बदलली. कागदाची पद्धत काढली नाही, कारण स्पर्शाचा अंदाज तिच्यातून येतो. पण ती कशासाठी शिकवतो आणि बाहेर आता काय चालतं, हे दोन्ही तिथे लिहिलं.

तेव्हापासून मी दरवर्षी थोडे दिवस तरी कामाच्या जागी घालवते. जमत नसेल तेव्हा जुन्या सहकाऱ्यांना फोन करून ठरलेले प्रश्न विचारते: या वर्षी नवीन कुठलं मशीन किंवा हत्यार आलं? नवीन आलेल्या मुलांना काय येत नाही म्हणून तुम्ही वैतागता? आम्ही शिकवतो त्यातलं काय तुमच्याकडे आता कुणीच करत नाही? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकायला जड जातं, म्हणून तोच न चुकता विचारा.

हे सक्तीने होतं का, हा प्रश्न जगभर वेगवेगळ्या तऱ्हेने हाताळून झाला आहे. इंग्लंडमध्ये २००७ च्या नियमांनी पूर्णवेळ शिक्षकाला वर्षाला किमान ३० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी देणं आणि इन्स्टिट्यूट फॉर लर्निंग या शिक्षकांच्या व्यावसायिक संस्थेत नाव नोंदवणं बंधनकारक केलं. वर्गणी आधी सरकार भरत होतं. ती शिक्षकांच्या खिशातून घ्यायचं ठरलं तेव्हा २०११ मध्ये शिक्षक संघटनेने जोरदार विरोध केला. पुढच्या वर्षी लॉर्ड लिंगफील्ड यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ते नियम मागे घ्यायची शिफारस केली, सक्ती गेली, आणि २०१४ मध्ये ती संस्थाही बंद झाली. जर्मनीतली गोष्ट उलट दिशेने गेली. कंपनीत शिकाऊ उमेदवारांना शिकवणाऱ्याला तिथे शिकवण्याच्या पात्रतेची वेगळी परीक्षा द्यावी लागते. शिकाऊ जागा वाढाव्यात म्हणून २००३ मध्ये ती अट स्थगित केली, आणि २००९ मध्ये पुन्हा लागू केली.

या दोन्हींतून मी माझ्यापुरतं एवढंच घेतलं आहे की तास मोजून कुणी चांगला शिक्षक होत नाही, पण शिकवणं हे वेगळं काम आहे आणि ते वेगळं शिकावं लागतं हे मान्यच केलं नाही तर नुकसान मुलांचं होतं. तुमच्याकडे सक्ती असो वा नसो, वर्षाला ३० तास हा आकडा मला वाजवी वाटतो. आठवड्याला पाऊण तासही पडत नाही. त्यातला निम्मा वेळ आपल्या ट्रेडला द्या आणि निम्मा शिकवण्याला. बहुतेक जण सगळा वेळ ट्रेडला देतात, कारण तिथे आपल्याला सुरक्षित वाटतं.

हाताला येतं ते तोंडाला सांगता यायला हवं

चांगल्या कारागिराची शिकवताना पंचाईत होते ती इथे. वर्षानुवर्षं हात बसलेला असतो. हात काय करतो ते त्याला स्वतःलाच सांगता येत नाही. मग तो म्हणतो, “बघ, असं करायचं,” आणि जॉब करून दाखवतो. मुलगा बघतो, त्याला काही दिसत नाही.

यावरचा उपाय जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्या कामगारांचे लोंढे आले, आणि त्यांना शिकवायला होते ते फोरमन, ज्यांनी कधी कुणाला शिकवलं नव्हतं. १९४० मध्ये सुरू झालेल्या ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या सरकारी कार्यक्रमाने त्यांच्यासाठी दोन-दोन तासांची पाच सत्रं बांधली. त्यात शिकवण्याच्या चार पायऱ्या होत्या: शिकणाऱ्याला तयार करा, काम मांडा, त्याला करून बघू द्या, मग लक्ष ठेवा. त्याआधीचा एक गृहपाठ होता, आणि माझ्या मते सगळं मर्म त्या गृहपाठात आहे. कामाची फोड करायची. कागदावर दोन रकाने: डावीकडे पायरी, उजवीकडे त्या पायरीतली कळीची गोष्ट, म्हणजे जिच्यामुळे काम होतं, बिघडतं किंवा कुणाला इजा होते.

लेथवर पार्टिंग, म्हणजे गोल सळईतून तुकडा कापून वेगळा करणं, यावर मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा एक दुपार गेली. डावीकडे पाचच पायऱ्या आल्या. उजवीकडे मात्र लिहीत गेले तसं निघत गेलं: टूल बरोबर सेंटरच्या उंचीला, टूल होल्डरबाहेर कमीत कमी, कापायची जागा चकच्या (सळई पकडणाऱ्या जबड्यांच्या) जवळ, वेग नेहमीपेक्षा कमी, कूलंट सतत, फीड एकसारखं. आणि मग मी अडकले. हात फीड देताना कधी जोर वाढवतो, कधी थांबतो, हे मला लिहिता येईना. शेवटी मशीन चालवणाऱ्या सहकाऱ्याच्या शेजारी मी डोळे मिटून उभी राहिले. तेव्हा कळलं की मी आवाजावर चालते. कापणं नीट चाललं असेल तर एकसारखी सरसर ऐकू येते, टूल घासायला किंवा थरथरायला लागलं की चिरका आवाज येतो, आणि माझा हात त्या आवाजावर हलतो. अकरा वर्षं मी हे करत होते आणि कुणालाही एका शब्दाने सांगितलं नव्हतं. आता पार्टिंग शिकवताना मी आधी चांगला आणि वाईट दोन्ही आवाज ऐकवते, मुलांना मशीनकडे पाठ करून उभं करते आणि आवाजावरून हात वर करायला लावते. मग टूल त्यांच्या हातात.

तुम्हीही करून बघा. आपल्याला अगदी सहज येणारं एक काम घ्या, ते सावकाश करा आणि शेजारी कुणाला तरी लिहायला बसवा. तो दर वेळी “हे का?” विचारेल अशी सूचना त्याला देऊन ठेवा.

दाखवताना मी तीनदा दाखवते. एकदा नेहमीच्या वेगाने, न बोलता, म्हणजे अखेरीस कुठे पोचायचं ते दिसतं. दुसऱ्यांदा हळू, प्रत्येक कळीची गोष्ट सांगत. तिसऱ्यांदा हात माझे आणि बोलणं मुलांचं: त्यांनी सांगायचं, मी तेवढंच करायचं. ही कल्पना शस्त्रक्रिया शिकवणाऱ्यांकडून घेतली आहे, रॉडनी पेटन यांच्या नावाने ती ओळखली जाते. तिसऱ्या फेरीत कोण काय विसरलं ते जॉब न बिघडता कळतं. एकदा सगळ्या वर्गाने मला टूल सेंटरला लावायला सांगितलंच नाही. मी मुकाट्याने वाट बघत उभी राहिले, आणि दीड मिनिटाने मागून एक मुलगा “अरे, उंची!” म्हणून ओरडला. तो ती पायरी पुन्हा विसरलेला मी बघितला नाही.

आपलं चुकतं तेव्हा

एकदा एका मुलीने २० मिलिमीटर व्यासाचा जॉब आणला. टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, दोन्ही बाजूंना ०.०२. तिने लिहिलं होतं २०.००. मी माझ्या मायक्रोमीटरने मोजलं, १९.९६ आलं. दुसऱ्यांदा मोजलं, तेच. मी सगळ्यांसमोर म्हटलं, “मायक्रोमीटर वाचायला अजून जमत नाही का?” ती खाली मान घालून उभी राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, “मॅडम, तुमच्या मायक्रोमीटरचा झीरो बघू का?”

तिने दोन्ही टोकं पुसली, रॅचेट फिरवून मिटवली आणि मायक्रोमीटर माझ्यापुढे धरला. थिंबलची (फिरवायच्या नळीची) शून्याची रेघ जागेवर नव्हती. चार घरं खाली दाखवत होती. एक घर म्हणजे ०.०१. माझा मायक्रोमीटर प्रत्येक माप ०.०४ ने कमी सांगत होता आणि जॉब अगदी बरोबर होता. आधीच्या आठवड्यात तो टेबलावरून पडला होता, मी उचलून खिशात ठेवला आणि तपासला नव्हता.

अशा वेळी पुढच्या दहा सेकंदांत तुम्ही काय करता ते मुलं वर्षभर लक्षात ठेवतात. मी जे बोलले होते ते सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून मागेही सगळ्यांसमोरच घेतलं. मशीन बंद करायला लावली आणि सांगितलं: माझं हत्यार चुकीचं होतं, मी ते तपासलं नव्हतं, हिचं माप बरोबर आहे, आणि मी तिला जे बोलले ते बोलायला नको होतं. मग त्या आठवड्यात त्या मायक्रोमीटरने बाद केलेले सगळे जॉब परत मागवून मोजले. त्यातले दोन पास झाले. नोंदवहीत तसं लिहून सही केली.

आता रोजची पहिली दहा मिनिटं वर्कशॉपमध्ये झीरो तपासण्याची असतात. माझं हत्यार मुलं तपासतात, दरवेळी वेगळा कुणी. ‘मॅडमचं चुकू शकतं’ हे त्यांना माहीत असल्याने माझा मान कमी झालेला मला तरी जाणवला नाही. उलट स्वतःचा जॉब बिघडला की लपवून स्क्रॅपमध्ये टाकणं कमी झालं, कारण चूक सांगितल्यावर काय होतं ते त्यांनी बघितलं होतं.

अंतर आणि आपुलकी

आपल्याकडे शिकायला येणारे सगळे सारख्या वयाचे नसतात. सोळा वर्षांचा मुलगा आणि नोकरी गेल्यामुळे पंचेचाळिसाव्या वर्षी नवीन काम शिकायला आलेला गृहस्थ एकाच मशीनवर उभे असतात. त्या गृहस्थांना एकेरीत हाक मारू नका, ते तुमच्या हाताखाली शिकत असले तरी. त्यांना येत नसलेली गोष्ट मी शक्यतो एकट्यात सांगते. तरुण मुलांपुढे चुकणं त्यांना फार लागतं, आणि लागलं की ते यायचेच बंद होतात.

हातकाम शिकवताना स्पर्शाचा प्रश्न येतोच. कानस कशी धरायची हे कधी कधी हात धरूनच दाखवावं लागतं. आधी विचारा: “हात धरून दाखवू का?” नको म्हणाले तर स्वतःच्या हातात दुसरी कानस घेऊन शेजारी उभं राहून दाखवा. मुलगे असोत की मुली, मी सगळ्यांना विचारते. कुणाला टोपणनावं ठेवू नका, लाडाचीही नाहीत. मुलांना वैयक्तिक फोनवरून रात्री-अपरात्री मेसेज करू नका, संस्थेचा जो मार्ग असेल तोच वापरा. परीक्षेच्या तोंडावर कुणी भेटवस्तू आणली तर प्रेमाने परत करा.

कुणी घरच्या त्रासाचं किंवा छळाचं काही सांगायला आलं तर नीट ऐका, पण ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. संस्थेत यासाठी नेमलेली व्यक्ती असते, तिच्यापर्यंत ते पोचवावं लागेल हे आधीच सांगा. मी एकदा असं वचन दिलं आणि मग दोन रात्री झोपले नाही. शेवटी त्या मुलीची परवानगी घेऊन योग्य ठिकाणी सांगितलं, पण ते दोन दिवस तिचे वाया गेले.

सुरक्षेबद्दल लांबण लावत नाही. चष्मा दहा सेकंदांच्या कामालाही घाला. चक आवळायची चावी चकमध्ये ठेवून हात काढू नका, एका क्षणासाठीही. चालत्या लेथजवळ हातमोजे नकोत, अंगठी नको, आणि बुरादा काढायला हूक किंवा ब्रश घ्या. मुलं तुमचं बोलणं विसरतील, तुमचा मोकळा डोळा विसरणार नाहीत.

सहकाऱ्याबद्दलची नाराजी मुलांसमोर काढू नका. ‘त्या सरांनी तुम्हाला चुकीचं शिकवलंय’ असं म्हणायचा मोह होतो, विशेषतः ते खरंच चुकीचं असतं तेव्हा. मी म्हणते, “मी वेगळ्या पद्धतीने करते, ती ही,” आणि मग चहाच्या वेळी त्या सरांकडे जाऊन बोलते. एकमेकांच्या तासाला मागे बसण्याची पद्धत पाडा. गुण देणारं निरीक्षण नको. नुसतं बसायचं आणि नंतर एकच प्रश्न विचारायचा: “तू ते असं का केलंस?” माझ्या शिकवण्यात गेल्या काही वर्षांत जे बदललं त्यातलं बरंचसं अशा प्रश्नांना उत्तर न देता आल्यामुळे बदललं.

तुम्ही तासांवर शिकवत असाल, दोन ठिकाणी धावत असाल, तर हे सगळं एकदम जमणार नाही हे मला कळतं. मग कामाची फोड आणि दोन दिवसांचं मूल्यमापन, एवढ्या दोन गोष्टी धरा. बाकीचं सावकाश येऊ द्या.

आटे पाडणाऱ्या त्या मुलाचं सांगायचं राहिलं. तो भेटायला आला त्याच आठवड्यात मी त्याला संध्याकाळी बोलावलं. चार संध्याकाळी आम्ही वर्कशॉपमध्ये बसलो. पहिल्या दिवशी मी सगळ्या लेथचे लिव्हर मुद्दाम विस्कटून ठेवले आणि त्याला एकेका मशीनवरचा तक्ता वाचायला लावला. चौथ्या दिवशी मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची टाकून बसले. त्याने १.५ पिचचे आटे पाडले, त्यापूर्वी कधीच न वापरलेल्या मशीनवर, एकही प्रश्न न विचारता. जुनी नोंदवही मी कपाटातून काढली, माझ्या जुन्या सहीवर एक आडवी रेघ मारली, शेजारी कारण लिहिलं, आणि खाली त्या दिवशीची तारीख घालून नवीन सही केली.